फुकटची सिस्टीम आणि पुनावळ्याचं स्थळ

तीर्थस्वरूप नानासाहेब,

चिंचवडहून धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार. राजगुरुनगरची हवा आणि आपला गुडघा कसा आहे? (कुसुम म्हणते, लेप लावा. मी म्हणतो, लेप देणारा कोण, ते आधी बघा.) इकडे सर्व ठीक, निदान वरवर तरी.

पत्रास कारण, आपण आमच्या वर्षालीसाठी सुचवलेलं पुनावळ्याचं स्थळ, चि. समाधान. मुलगा देखणा, निर्व्यसनी, आईवडील साधे. इतकं सगळं चांगलं असलं की मी आधी खोट शोधायला लागतो. बघण्याच्या दिवशी मी विचारलं, काम काय करता? तर म्हणाला, "काका, सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बनवतो. कंपन्यांचे मोठे कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतात, तो मूळ प्रोग्राम." विकता केवढ्याला? "विकत नाही. कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, बदलावी. जगभरातली माणसं मिळून बनवतो." नानासाहेब, मी चाकणच्या प्रेस शॉपमध्ये उभी हयात फोरमनकी केली. तिथे कुणी कुणाला साधा पाना फुकट देत नाही. (दिलाच, तर तो झिजलेला असतो.) आणि पगार? तो म्हणे ही सिस्टीम वापरणारी एक कंपनी देते. म्हणजे कंपनी पगार देणार आणि माल जगाला वाटणार! मला घोटाळ्याचा वास आला.

म्हणून "सहज इकडे आलो होतो" म्हणत पुनावळ्याला गेलो. (हायवेच्या त्या कोंडीत सहज कुणी शिरत नाही, हे त्याच्याही लक्षात आलं असावं.) त्याने चहा दिला आणि या महिन्यातली प्रगती दाखवली: आता मशीन बंद न करता दुरुस्ती होते, सुरू व्हायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागतो, आणि सगळ्या सूचना मराठीतही आल्यात. निघताना म्हणाला, "नवी आवृत्ती चाचणीला आहे. जुनं मशीन असेल तर लावून बघा, पण कामाचं काही त्यात ठेवू नका." आणि पेनड्राइव्ह हातात ठेवला. तोही फुकट!

म्हटलं, आता रंगेहाथ सापडतोय. घरी येऊन तो सरळ आमच्या कॉम्प्युटरला लावला. पडद्यावर शुद्ध मराठीत प्रश्न आला, "डिस्क स्वच्छ करायची का?" स्वच्छतेला मी कधी नाही म्हटलंय? होय दाबलं. नानासाहेब, कुसुमच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं, वर्षालीचे लहानपणचे फोटो, सगळं साफ! वर्षाली ओरडली, "बाबा, घरच्या मशीनला लावायला कुणी सांगितलं होतं?" कुसुमने माझ्यापुढचा चहा उचलून आत नेला, आणि ती खूण जास्त वाईट.

मी पेटलो. फोनवरूनच त्या सिस्टीमच्या जाहीर तक्रारींच्या पानावर खरमरीत मराठीत लिहिलं की हा स्वच्छतेच्या नावाखाली घातलेला दरोडा आहे. वाटलं, तक्रार दाबतील. उलट थोड्याच वेळात खाली समाधानचं उत्तर, नावानिशी: "ही वाक्यरचना माझी आणि चूकही माझी. 'सगळं कायमचं पुसलं जाईल' असं लिहायला हवं होतं." मी ते पुन्हापुन्हा वाचलं. आमच्याकडे पत्रा दाबायची डाय फुटली की दोष कायम मागच्या शिफ्टचा. आपली चूक चारचौघांत नव्हे, अख्ख्या जगात सांगणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः घरी आला आणि दिवसभर त्या डिस्कशी झुंजला. फोटो बहुतेक मिळाले. भजनं अर्धीच आली. कुसुम म्हणाली, "अर्धी तर अर्धी, पोरगं उपाशी बसलंय," आणि त्याला थालीपीठ वाढलं. मग मला न विचारता दुसरंही वाढलं. वर्षाली शेजारी खुर्ची टाकून बसली होती. दोघं कशाला तरी हसत होती. (माझ्यावरच असणार.)

आता त्या सिस्टीमच्या प्रगतीच्या नव्या टिपणात छापून आलंय: "मराठी सूचना दुरुस्त. आभार: रंगराव, चिंचवड." माझं नाव तिथे कशाला? काही डाव आहे का, म्हणून वर्षालीकडून ते सगळं टिपण वाचून घेतलं. काही सापडलं नाही. तेव्हा नाइलाजाने मुलगा चांगला आहे असं माझं मत झालं आहे.

थोरांना नमस्कार, लहानांना सावधगिरीच्या सूचनेसह आशीर्वाद.

आपला,
रंगराव

ता. क. रागाच्या भरात मी फोनवर "नकार कळवून टाका" म्हणालो होतो. कळवला नसेल तर कळवू नका. कळवला असेल तर मी असं म्हणालोच नव्हतो.

आणखी एक ता. क. काल कुणी गृहस्थ आमच्या सोसायटीच्या वॉचमनकडे "रंगराव माणूस कसा आहे?" अशी चौकशी करून गेले. पुनावळ्याचे वाटले. लोक इतके संशयी कसे असतात हो? आपल्याकडे आले तर माझ्याविषयी चार बरे शब्द सांगा. आणि कोणते सांगणार, ते मला आधी कळवा.