कुरणवाडीच्या तलावावरची चक्रवाकांची जोडी

चिंचवड,
शुक्रवार, २२ सप्टेंबर १९७८

चि. सौ. कस्तुरास अ. उ. आशीर्वाद, त्यातले निम्मे जावईबापूंना द्यावेत.

आज पत्र लिहायला तसंच कारण घडलं आहे. काल गुरुवार, म्हणून नेहमीप्रमाणे कुरणवाडीच्या तलावावर गेलो होतो. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी कंपनीची गुरुवारची सुट्टी अंगातून जात नाही. रविवारी घरी बसलो की अजूनही दांडी मारल्यासारखं वाटतं. चाकणच्या अलीकडे फाट्यावर उतरलो, दीड मैल चाललो आणि बांधावर बसून दुर्बीण लावली. टिबुकल्या होत्या, शेकाटे होते, हळदी-कुंकू बदकंही होती. ही सगळी घरचीच मंडळी. पण पलीकडच्या काठाशी पाहतो तर चक्रवाकांची जोडी. नारिंगी-तपकिरी अंग, एकमेकांपासून दोन हातांवर, मजेत डुलत होती.

तुला ठाऊक आहे, हे पाहुणे हिमालयापलीकडून येतात ते दिवाळीच्या तोंडावर. माझ्या अकरा वर्षांच्या वहीत चौदा ऑक्टोबरच्या आधीची एकही नोंद नाही. यंदा तीन आठवडे आधी आले. मी दोन तास बसलो, जोडी जागची हलली नाही. गुराख्यांनी आरडाओरडा केला तरी नाही. इतकी धीट जोडी मी आयुष्यात पाहिलेली नाही. घरी येताच पुण्याच्या पक्षिमंडळाला कार्ड टाकलं. इन्स्पेक्शन खात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाची नोंद आहे, त्यांना छापावीच लागेल.

तुझी आई मजेत आहे. तिला तलावावर चल म्हटलं तर म्हणते, अंगणातल्या चिमण्या पुरतात.

माया आहे तेवढी पुष्कळ झाली, पत्रं मात्र वाढव.

तुझा बाबा,
हिंदुराव


चिंचवड,
२७ सप्टेंबर

चि. कस्तुरास आईचा आशीर्वाद.

तुझे बाबा दाढी करायला गेले आहेत तोवर लिहिते. मी तिसरीपर्यंतच शिकले, तेव्हा चुका मोजू नकोस.

त्यांच्या डोळ्यांचं तुला कळवत नाहीत, म्हणून मी कळवते. परवा निरांजन लावताना काडी पेटवून बसले होते, वात काही सापडेना. काल शेजारच्या शालनबाई वाटी परत द्यायला आल्या, तर त्यांनाच म्हणाले, जरा घोटभर चहा टाक. त्या बिचाऱ्या करून देऊन गेल्या. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे. डावा पुरता पिकला आहे, तो दिवाळी झाली की काढा, आणखी ठेवलात तर फुटून डोळाच जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. हे म्हणतात, ऐन हंगामात पट्टी बांधून कोण पडून राहील, पाखरं परत गेली की होळीनंतर बघू. मी बोलले की वर्तमानपत्र तोंडापुढे धरतात. ते परवा उलटं धरलं होतं.

माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. हे पत्र आलं म्हणून त्यांना लिहू नकोस.

तुझी आई,
केसरबाई


राजगुरुनगर,
२ ऑक्टोबर १९७८

ती. रू. बाबांस कस्तुराचा शि. सा. नमस्कार, आणि चक्रवाकांनाही.

आज गांधी जयंतीची सुट्टी. पुढ्यात सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा आहे आणि मी त्याच्याकडे पाठ करून तुम्हाला लिहिते आहे. तुमचं पत्र मी पाचवीच्या वर्गात वाचून दाखवलं. आमच्या मुली आता चक्रवाक कधी येतात ते विचारत नाहीत, तुम्ही कधी येता ते विचारतात.

इथे सगळं ठीक. यांना ऑफिसात बढतीची आशा लागली आहे, त्यामुळे घरात फार नम्रपणे वागतात. पण बाबा, एक विचारते. गेल्या दोन पत्रांत तुमच्या ओळी उतरणीला लागल्या आहेत आणि पत्त्यावर तालुक्याचं नाव दोनदा आहे. डोळे दाखवलेत का? दाखवले असतील तर डॉक्टर काय म्हणाले, ते जसंच्या तसं कळवा. तुम्हाला सोयीचं तेवढंच नको.

आईला नमस्कार. रागावलात तरी लोभात काटछाट करू नये.

तुमची,
कस्तुरा


चिंचवड,
गुरुवार, ५ ऑक्टोबर १९७८

चि. सौ. कस्तुरास बाबाचे भरघोस आशीर्वाद.

आता तुझ्या बाबाशी जरा अदबीने बोलत जा. मंडळाचं सायक्लोस्टाइल केलेलं पत्रक आलं आहे. तुझ्या आईकडून दोनदा वाचून घेतलं. त्यात ठळक अक्षरांत आहे की चक्रवाकांची जिल्ह्यातली सर्वांत लवकरची नोंद कुरणवाडी तलाव, नोंद करणारे श्री. हिंदुराव. एवढ्यावर भागलेलं नाही. रविवारी बावीस तारखेला मंडळाची पंचवीस माणसं तलावावर येणार आहेत आणि वाटाड्या मी. पुण्याची शिकलेली माणसं एका रिटायर इन्स्पेक्टरच्या मागून बांधावरून चालणार. आजही जाऊन आलो. जोडी तिथेच आहे, त्याच जागी.

डोळ्यांचं म्हणशील तर डाव्यात मोतीबिंदू आहे. साठीला आलेल्या माणसाला काहीतरी असायचंच. तो काढायला लावतात, मग आठवडाभर पट्टी आणि दीड महिना घराबाहेर पडायचं नाही. म्हणजे सगळा हंगाम बुडाला. होळीनंतर बघू. तुझ्या आईने तुला काही लिहिलं असेल तर त्यातलं निम्मंच खरं धर.

बावीसला तूही ये. बाप कसा मिरवतो ते एकदा पाहून घे.

तुझा बाबा,
हिंदुराव


राजगुरुनगर,
सोमवार, ९ ऑक्टोबर १९७८

ती. रू. बाबांस कस्तुराचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे, तेव्हा शेवटपर्यंत ऐकून घ्या.

काल रविवारी मी एकटीच तलावावर गेले. बावीसच्या आधी आपण एकदा पाहून ठेवावं आणि तुमच्यासमोर शहाणपणा करावा, एवढाच माझा बेत होता. तुम्ही बसता त्याच जागी बसले. जोडी दिसली. मग तलावाला वळसा घालून पलीकडच्या काठावर गेले. बाबा, ते चक्रवाक नाहीत. ते दोन वाळलेले भोपळे आहेत, लांब मानेचे. खंडू नावाचा एक कोळी तिथे जाळं लावतो आणि जाळं वर तरंगत राहावं म्हणून त्याने ते दोरीला बांधले आहेत. मी त्याच्याशी बोलले. त्याने सांगितलं की भाद्रपदापासून भोपळे तिथंच हायेत, आणि दर गुरुवारी एक म्हातारं बाबा येऊन त्यांच्याकडं बघत बसत्यात. त्यांना भोपळं हवं असतील तर एखादं द्यायला त्याची काही हरकत न्हाई.

येताना एसटीत मी ठरवलं होतं की जोडी उडून गेली असं तुम्हाला कळवावं. तुमचं नाव राहिलं असतं आणि माझीही सुटका झाली असती. पण मग तुम्ही डोळा होळीपर्यंत तसाच ठेवला असता. टिबुकली तुम्ही बुडी मारण्यावरून ओळखता, शेकाट्या आवाजावरून. भोपळा ना बुडी मारतो, ना ओरडतो. तुमच्या वहीचं मला काही नाही, मला तुमच्या डोळ्याची भीती वाटते आहे. तो गेला तर मी स्वतःला माफ करणार नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही नाही.

बावीसला पंचवीस माणसांसमोर हे उघड होण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. हवं तितकं रागवा, पण डॉक्टरांकडे जा.

तुमचीच,
कस्तुरा


चिंचवड,
शुक्रवार, १३ ऑक्टोबर १९७८

चि. सौ. कस्तुरास आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तुझ्या आईने वाचायला घेतलं आणि मधेच थांबली. मी वाच म्हटलं. मंगळवार-बुधवार मी तुझ्यावर रागावलेला होतो. दसऱ्याला सोनं द्यायला माणसं आली त्यांच्याशीही धड बोललो नाही. तुझ्या आईवर तर विनाकारण रागावलो.

काल तलावावर गेलो तो बांधावर न बसता सरळ पलीकडे. खंडूला जाळं ओढायला लावलं आणि दोन्ही भोपळे हातात घेतले. माझी खात्री हाताने पटते, तेवढी पत्राने पटत नाही. हलके होते, मानेला सुतळी होती. कंपनीत मी लोकांचे मापात न बसणारे जॉब बाद करायचो, माणसं गयावया करायची आणि मी केसाइतकी सूट दिली नाही. मग मला तरी सूट कशी मिळणार? मंडळाला आज कार्ड टाकलं, की नोंद चुकीची आहे, पाहणाऱ्याची नजर अधू आहे, कृपया काढून टाकावी.

एक गोष्ट तुलाच सांगतो. भोपळे हातात घेतले तेव्हा मी घाबरलो. लाज नंतर वाटली, आधी भीती वाटली. वही मागे मागे उलटत गेलो, की यातलं आणखी काय काय मी पाहिलेलंच नाही. त्याच भीतीने आज डॉक्टरांकडे गेलो. ऑपरेशन सहा नोव्हेंबर, सोमवारी.

बावीसला पुणेकर येतील त्यांना तू फिरव. नावं सगळी मीच तुला शिकवली आहेत. मी मागून चालेन, आवाज ऐकेन आणि तू चुकलीस तर खोकेन. पत्र लिहिलंस ते बरं केलंस. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी वाचून घेतलं नसतं.

तुझा बाबा,
हिंदुराव


चिंचवड,
शुक्रवार, २२ डिसेंबर १९७८

चि. सौ. कस्तुरास बाबाचे आशीर्वाद, आणि बढती मिळालेल्या जावईबापूंचं अभिनंदन.

या पत्राच्या ओळी सरळ आहेत, तपासून पाहा. काल चष्मा मिळाला. भिंगं बाटलीच्या बुडाएवढी जाड आहेत. कप आहे त्याच्यापेक्षा जवळ दिसतो, त्यामुळे सकाळी दोनदा चहा सांडला. उजव्या डोळ्याचं पुढच्या वर्षी. मंडळाच्या चिटणिसांचं कार्ड आलं आहे, फेब्रुवारीत पुन्हा यायचं म्हणतात, मात्र वाटाड्या म्हणून गेल्या वेळच्या बाईच हव्यात असं स्पष्ट लिहिलं आहे. मी फार मनावर घेतलेलं नाही.

काल गुरुवार होता. दवाखान्यातून बाहेर पडलो की थेट चाकणची गाडी धरायची, असं मी महिनाभर ठरवून ठेवलं होतं. चष्मा लावला आणि समोर बाकावर तुझी आई बसली होती. पदर मागे सरकला होता. कस्तू, तिचं डोकं पार पांढरं झालं आहे. मी तिला विचारलं, हे कधी झालं? ती म्हणाली, तीन वर्षं झाली. तिला वाटायचं की मला दिसतं आहे, पण तिला वाईट वाटू नये म्हणून मी बोलत नाही. म्हणून तीही कधी बोलली नाही, आणि एवढा समजूतदार नवरा मिळाला म्हणून मनात खूश होती.

तलावावर पुढच्या गुरुवारी जाईन. काल गेलो नाही. घरीच बसलो होतो. ती तांदूळ निवडत होती आणि सारखी विचारत होती की असं काय बघताय.

तुमच्या सगळ्यांची आठवण काढणारा,
बाबा