तीन भूमिका आणि एक चष्मा

दि. ४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वाचलं असं मात्र म्हणवत नाही. हल्ली तू इतकं बारीक लिहितेस की पहिल्याच पानाला माझे डोळे पाणावले, आणि ते काही मायेने नव्हे. जन्मभर लोकांचे चष्मे केले आणि सख्ख्या बहिणीचं पत्र वाचता येऊ नये, याची लाज वाटली. मग दुकानात गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मी स्वतःलाच बसवलं, वाचायचं कार्ड हातात दिलं आणि जवळचा नंबर वाढवून घेतला. गिऱ्हाईक ओळखीचं म्हणून फ्रेमवर सूटही दिली. पण तू कागद वाचवतेयस का? शेवटच्या बाकावरच्यालाही दिसलं पाहिजे म्हणत फळाभर अक्षर काढणारी बाई तू. पेन्शनीत कागद बसतो, ताई.

आता खरी बातमी. आमच्या गल्लीतल्या वाचनालयाची हौशी मंडळी नाटक बसवताहेत, सिद्धार्थाचा बुद्ध कसा झाला त्याचं. ग्रंथपालबाईंनी लिहिलंय, त्याच बसवणार. मी सिद्धार्थाच्या भूमिकेसाठी नाव दिलंय. हसून झालं की पुढे वाच. त्रेसष्ट हे काही वय नव्हे, आणि केसही काळे करून घेतले. कलप थोडा कानांवर आला. ही म्हणते की राजपुत्र वगैरे नाही, दौत अंगावर सांडून घेतल्यासारखे दिसता.

तू शाळेत हे सगळं शिकवलंस. मला थोडक्यात लिहून पाठव, निवडीच्या वेळी सहज आठवल्यासारखं बोलता येईल असं.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
धाकटा

*

दि. १५ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सिद्धार्थाने घर सोडलं तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. तू त्या वयात आईने हातात चहा दिल्याशिवाय अंथरूण सोडत नव्हतास. तरी विचारलंयस म्हणून लिहिते.

शाक्य कुळातला मुलगा. दुःख दृष्टीस पडू नये म्हणून बापाने राजवाड्यात जपून ठेवलेला. एकदा रथातून बाहेर निघाला तर रस्त्यात म्हातारा दिसला, पुढे आजारी माणूस, मग प्रेत. प्रत्येक वेळी त्याने सारथ्याला विचारलं की हे माझंही होणार का, आणि सारथी हो म्हणाला. शेवटी शांत चेहऱ्याचा एक संन्यासी दिसला आणि याने घर सोडलं. वर्गात सांगतानाही मला ही गोष्ट पटत नसे. एकोणतीस वर्षांत एकही म्हातारं माणूस बघितलं नाही? घरात आत्या-मावश्या नव्हत्या? दुसरी हकीगत सांगतात ती मला जास्त पटते. नदीच्या पाण्यावरून दोन कुळं भांडली, युद्ध करायचं ठरलं, याने नाही म्हटलं आणि घर सोडावं लागलं.

पुढे सहा वर्षं देहाचे हाल केले, बरगड्या दिसायला लागल्या. तेव्हा कळलं की चैनीतून काही मिळत नाही तसं उपासमारीतूनही मिळत नाही. म्हणून मधला मार्ग. मग पिंपळाखाली बसला तो बुद्ध होऊनच उठला. कळलेलं पहिल्यांदा सांगितलं कुणाला, तर रागावून सोडून गेलेल्या पाच जुन्या सोबत्यांना. वैद्य सांगतो तसं सांगितलं. दुःख आहे. त्याला कारण आहे, तृष्णा. हे हवं आणि ते जाऊ नये, ही धडपड. कारण गेलं की दुःख जातं. ते जाण्यासाठी आठ अंगांची वाट आहे, आणि ती ज्याची त्यानेच चालायची, वरून कुणी उचलून नेत नाही. त्यातलं पहिलंच अंग सम्यक दृष्टी, म्हणजे जे आहे ते आहे तसं बघणं. तुझ्याच धंद्यातलं निघालं.

आणि आता पत्राखाली लोभ लिहिताना जरा विचार कर. बुद्धाने तो मुळापासून उपटायच्या गोष्टींत धरलाय. तरी माझा तुझ्यावर आहे, काय करणार.

तुझी,
ताई

*

दि. ६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निवड झाली. सिद्धार्थ झाला पोहायला शिकवणारा एक तरुण. त्याला खांदे आहेत आणि केस त्याचे स्वतःचे आहेत. सारथी म्हणून समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई. शांत चेहऱ्याचा संन्यासी कोण, तर घरांचा दलाल. ज्याला आयुष्यात दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घेताना कुणी पाहिलेलं नाही, तो.

मला एक नव्हे, तीन भूमिका मिळाल्या. म्हातारा, आजारी आणि प्रेत. मी ग्रंथपालबाईंना विचारलं की तिन्ही मीच का. त्या म्हणाल्या की ती तीन माणसं नाहीतच. एकच माणूस आहे, थोड्या थोड्या वेळाने. तृष्णा सोडावी असं तू लिहिलं होतंस, ती त्यांनी माझ्या हातून काढूनच घेतली. घरी आलो तर ही म्हणाली, कलपाचे पैसे वाया गेले.

प्रेत मला पहिल्याच दिवशी जमलं. फक्त घोरू नका म्हणाले. आजारीही ठीक आहे, खोकतो. अडलंय ते म्हाताऱ्यापाशी. मी कमरेत वाकून काठी टेकत निघालो की ग्रंथपालबाई म्हणतात, हा माणूस म्हातारा नाही, याचं काहीतरी जमिनीवर पडलंय.

म्हणून तुझ्याकडे आलो. तू माझ्याहून सात वर्षांनी मोठी. खुर्चीतून उठतेस कशी, चालतेस कशी, हात कुठे ठेवतेस, सगळं बारीकसारीक लिही. पण अक्षर बारीक नको, नवा चष्माही आता अपुरा पडायला लागलाय.

माया आहेच, लोभ लिहायला तू बंदी केलीस.

तुझा,
धाकटा
(म्हातारा, आजारी, प्रेत)

*

दि. १९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बहिणीला म्हातारी म्हणायला नाटकाचं निमित्त काढलंस. घे, शिकवणी फुकट देते.

वाकू नकोस. मी वाकत नाही, पुढे झुकते, कुणीतरी पाठीला हलकेच ढकलत असल्यासारखी. पावलं लहान पडतात. खोलीच्या दारापाशी आलं की उजवा पाय जमिनीला चिकटतो. मी त्याला रागावते, मग गाणं म्हणते, मग तो निघतो. काल दार ओलांडायला अख्खं कडवं लागलं. वळताना एकदम वळता येत नाही, जागच्या जागी पावलं टाकत बाई वळते, कवायतीतल्या मुलासारखी. चालताना उजवा हात हलत नाही. बसले की मात्र मांडीवर पडल्या पडल्या बोटं चोळत बसतो. बघणाऱ्याला वाटावं जपमाळ ओढतेय. मी कधी ओढली नाही, हात एकटाच धार्मिक झालाय. ब्लाउजच्या गुंड्यांना पाऊण तास. आणि शेजारीण विचारते की माझ्यावर रागावलात का, कारण हसलं तरी चेहऱ्यापर्यंत येत नाही.

हे सगळं वयाचंच. तुझ्या म्हाताऱ्याला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं, गावभर सांगत सुटू नकोस. अक्षर मोठं काढायला घेतलं होतं, ओळीच्या शेवटी पुन्हा लहान झालं. पेनच बेकार आहे.

तुझी,
ताई

*

दि. ३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तालमीत मी तुझ्यासारखा चाललो. थोडा पुढे झुकलेला, उजवा हात न हलणारा. रथ म्हणून ठेवलेल्या खुर्च्यांपाशी पाय चिकटवला, तोंडातल्या तोंडात कडवं म्हटलं, मग निघालो. सगळे गप्प झाले. दलालसुद्धा. ग्रंथपालबाईंनी डोळे पुसले. मी मनातल्या मनात टाळ्या घेत होतो.

डॉक्टरबाई रथातून खाली उतरल्या आणि हे कुणाचं बघून केलंत असं विचारलं. मी ऐटीत सांगितलं की निरीक्षण लागतं. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या की हे म्हातारपण नव्हे. हा आजार वाटतो, कंपवात असू शकतो, लवकर दाखवायला हवं. मग त्यांनी विचारलं की बहिणीचं अक्षर बारीक होत चाललंय का. ताई, माझा हात खिशातल्या नव्या चष्म्याला लागला आणि मी रथातच बसलो.

घरी येऊन तुझी पत्रं टेबलावर मांडली. दोन वर्षांपूर्वीचं पत्र मला जुन्या चष्म्याने स्पष्ट दिसतं. मागच्या वर्षीचं ताणून दिसतं. शेवटचं मुंग्यांच्या रांगेसारखं आहे. अक्षर तुझं बिघडत होतं आणि मी नंबर माझा वाढवत होतो. वर तुला पेन्शनीवरून चिडवत होतो.

राजपुत्राला म्हातारं माणूस कधी दिसलंच नाही, हे तुला पटत नव्हतं ना? मला पटलं. त्याला निदान भिंतीआड ठेवलं होतं. मी उघड्या दुकानात बसून दिवसभर लोकांना दिसतंय का, दिसतंय का असं विचारतो.

वीस तारखेला तुला न्यायला येतोय. इकडच्या दवाखान्यात जाऊ. मला भीती वाटतेय, ताई, आणि या वेळी विनोद सुचत नाही.

तुझा,
धाकटा

*

दि. ९ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

येऊ नकोस, असं लिहून एक पत्र फाडलं. हे दुसरं.

मला कळत होतं. आजाराचं नाव माहीत नव्हतं, पण वय म्हणजे काय आणि हे काय, एवढं कळायला शिक्षिका असावं लागत नाही. सांगितलं नाही, कारण पुढचं दिसत होतं. तू येणार, रडणार, माझ्या दोन खोल्यांना कुलूप लावणार आणि दुकानामागच्या खोलीत माझी खाट टाकणार. मग सकाळी तुझ्या बायकोने माझ्या गुंड्या लावायच्या. ती प्रेमाने लावेल, तेच मला सोसवणार नाही.

तुला तृष्णेवर पान भरून लिहिलं आणि मी स्वतः दाराची किल्ली मुठीत धरून बसलेय. राजपुत्राने राजवाडा सोडला, मला दोन खोल्या सुटत नाहीत. चाळीस वर्षं शिकवलं, स्वतः काय शिकले कोण जाणे.

ये. दवाखान्यात येईन. पण माझं तिकीट परतीचंही काढायचं, आणि ते माझ्या पर्समध्ये राहील. हे कबूल असेल तरच.

तुझी,
ताई

*

दि. २ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परतीच्या गाडीत तुला बसवून आलो तेव्हा ही म्हणाली की तुम्ही तिला जाऊ दिलंत, मला वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं. खाट मी आधीच टाकून ठेवली होती, ती तू बघितलीस आणि पर्समधलं तिकीट चाचपलंस. आता तिच्यावर फ्रेमांची खोकी ठेवलीत.

काल प्रयोग झाला. म्हाताऱ्याला एकही वाक्य नाही, हे तुला माहीत आहे. मी चाललो, अडलो, निघालो. पोहणाऱ्या सिद्धार्थाने विचारलं की हे माझंही होणार का. डॉक्टरबाई उत्तर द्यायला तोंड उघडतात तोच रस्त्यावरचा म्हातारा हो म्हणाला. मीच. सारथ्याचं वाक्य मी खाल्लं. ग्रंथपालबाई माझ्याशी बोलत नाहीत, आणि प्रेत असताना मी रडत होतो असंही त्यांचं म्हणणं आहे.

कलप सोडला. मुळं पांढरी, टोकं काळी, सध्या मधला मार्ग चालू आहे. कंपवाताच्या औषधाने फरक पडतोय का ते लिही. खोटं लिहू नकोस, आता मला अक्षरावरून कळतं.

लोभ लिहितोच, बुद्धाने क्षमा करावी.

तुझा,
धाकटा

*

दि. २० जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

रेघांच्या वहीत लिहितेय. रोज एक पान, मोठ्या अक्षरात, हा व्यायाम दिलाय. मोठं लिहायचं म्हणजे मोजकं लिहावं लागतं. टोमणे मारायला जागा उरत नाही.

चार सत्यांपैकी पहिलं डॉक्टरांनी लगेच मान्य केलं. दुसऱ्याला खांदे उडवले. तिसरं या जन्मी नाही म्हणाले. चौथ्याची चिठ्ठी लिहून दिली, गोळ्या आणि चालणं.

चालते. दार आता दोन ओळींत ओलांडते. गुंड्या काढून टाकल्या, हुक लावले. किल्ली माझ्याकडेच आहे, दुसरी करून शेजारणीला दिली. मुठीतून अर्धी सुटली म्हण.

फ्रेमांची खोकी खाटेवरच असू देत. कधी लागली खाट, तर मीच सांगेन.

आता नवा चष्मा काढून ठेव, जुना लाव आणि खरं सांग. शेवटच्या बाकावरून दिसतंय का?

तुझी,
ताई