ताकाच्या रंगाचं घर

तीर्थपुरी,
८ फेब्रुवारी २०२५

चि. भावनास,
सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईच्या नजरेत आता सुधारणा होणार नाही, असं जालन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवा पक्कं सांगितलं. आहे ती टिकेल. गडद रंग तिला कळतात, फिके एकात एक मिसळतात. फोनवर बोललो की ती कान देऊन ऐकते, म्हणून हे पत्र.

तू घर सुंदर केलंस. या माळवदाखाली इतका उजेड मावेल असं वाटलं नव्हतं. खांब घासले तर सागाचे निघाले. गल्ली येऊन बघून गेली. पण भिंत, दार, कोनाडे, पडदे, सगळं ताकाच्या रंगाचं. परवा तिनं कोनाडा समजून तांब्या हवेत ठेवला. काल उंबऱ्याला अडखळून पडली. गुडघा सोलला, बाकी बरी आहे.

तुझा भाऊ म्हणतो, तिला संभाजीनगरला फ्लॅटवर नेतो, पुढच्या महिन्यात गाडी घेऊन येतो. मिथुन मायेनंच बोलतो. ती म्हणते, मी कुठंच जाऊन न्हाई राह्यले.

मनाला लावून घेऊ नकोस. काही सुचलं तर कळव. तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे.

तुझे,
अप्पा

पुणे,
१५ फेब्रुवारी

ती. अप्पांस,
सविनय जयभीम. वि. वि.

स्पष्ट लिहिलंत, बरं केलंत. लोकांची घरं सजवताना मी आधी विचारते, इथं राहणार कोण. आपल्या घरात तेवढंच विचारायचं राहिलं.

आता एक करा. आईच्या पेटीतल्या साड्या अंगणात उन्हात पसरा आणि कोणती दुरून ओळखू येते ते तिला विचारा. घरासाठी आहे हे सांगू नका, नाहीतर खर्च वाचवायला सगळ्याच दिसतात म्हणेल. ती निवडेल ते रंग चौकटींना, उंबऱ्याला आणि कोनाड्यांच्या आतून द्यायचे. जाड भिंतीतले ते खोल कोनाडे आपल्या घराची शान आहेत.

शेजारच्या सलमाखालांचा हात नक्षीचा आहे. आईच्या गोधडीवरचे लांब टाके त्यांनी भिंतीवर हाताच्या उंचीला काढावेत, बोटांना लागेल इतका रंग जाड ठेवून, चुलीपासून दारापर्यंत. तुम्ही मात्र ब्रश धरू नका. खिडकीबरोबर काचा रंगवलेल्या मला आठवतात.

आईला सांभाळा, स्वतःलाही. माझी आठवण काढत राहा.

तुमची,
भावना

तीर्थपुरी,
१२ मार्च

चि. भावनास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

पेटी उघडतानाच तिनं ताडलं. तरी बसली. निळी आणि हळदीच्या रंगाची साडी तिनं फाटकाजवळून ओळखली. तू तिला पहिल्या पगारातून घेतलेली अबोली साडी दाखवली, तर म्हणाली, तिथं काही हाये का. ते तुला लिहायला तिनं बजावलंय.

उंबरा हळदीचा झाला, चौकटी आणि कोनाडे निळे. सलमाबाईंनी टाके असे घातले की भिंतीला गोधडी पांघरल्यासारखं वाटतं. भिंतीचा वरचा भाग तुझ्या ताकाच्या रंगाचाच ठेवला. त्यावर सागाचे खांब आधीपेक्षा उठून दिसतात. मी ब्रश धरला नाही. सलमाबाईंनी हात लावू दिला नाही.

काल सकाळी मी अंघोळीला गेलो होतो. तुझ्या आईनं कोनाड्यातून तांब्या घेतला, चहा केला आणि टाक्यांवर नुसती बोटं फिरवत, दुसऱ्या हातात कप धरून उंबरा ओलांडून अंगणात आली. मी पाहिलं नाही, सलमाबाईंनी पाहिलं. तो चहा त्यांनाच मिळाला.

मी तिला विचारलं, भावनाला काय कळवू. तिनं कोनाड्यात हात घालून पाहिला. मग म्हणाली, तांब्या जागेवर हाये म्हणावं. पोरी, याहून मोठे आभार तिला मानता येत नाहीत, आणि मलाही.

रविवारी मिथुन गाडी घेऊन येतोय. दार कुणी उघडायचं नाही, तीच उघडणार आहे. त्याच्या आवडीची धपाटी करणार म्हणते. आणि परतीच्या गाडीत स्वतःऐवजी पाठवायला तिनं तुझे ताकाच्या रंगाचे पडदे घडी करून ठेवलेत.

सवडीनं येऊन जा. तोवर आहे ही माया पुरवून घे.

तुझे,
अप्पा