प्रेमाबाईंविषयी अभिप्राय

कळंब,
११ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
सप्रेम सलाम. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं अख्ख्या गल्लीला ऐकू जातं, म्हणून पत्रच बरं.

नाशिकहून बदली होऊन इथं येऊन मला तीन आठवडे झाले. तिथं चारुशीला आणि मी मुलींचा वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं ठरल्या वेळेला करत होतो. इथं मिशननं मला प्रेमाबाईंच्या जोडीला दिलंय. वय अठ्ठावन्न, एकोणीस वर्षं याच गावात, आणि ठरवून काही करायचं असतं हे त्यांना मान्यच नाही.

मी रोज पाच घरं ठरवते, होतं एक. मी बायबल उघडून वचन वाचायला घेतलं की या घरच्या बाईला विचारतात, म्हशीचं काय झालं? मग ती तासभर म्हशीबद्दल बोलते आणि या तुरीच्या शेंगा सोलत ऐकतात. मी पुस्तकात बोट घालून बसून राहते. स्कूटीवर मागं बसून रस्ता सांगतात, तोही वळण गेल्यावर. परवा असंच कुणाच्या तरी गोठ्यात शिरलो. या आठवड्यात दोनदा गॅस चालू राहिला. मी काही म्हटलं की "दमानं घे, पोरी," एवढंच उत्तर. बाबा, मी सव्वीस वर्षांची आहे.

माया भरपूर पाठवा, उपदेश थोडा कमी चालेल.

तुमची,
अक्षरा


जालना,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अक्षरा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसलो. रागावू नकोस.

एकतीस वर्षांच्या सेवेत मला सात जोडीदार मिळाले. नळदुर्गला पहिले रेवणप्पा. वाटेतल्या प्रत्येक विहिरीपाशी थांबून पाणी चाखायचे आणि ते गोड की मचूळ यावर बोलत राहायचे. वर्षभर मी चडफडलो. त्यातून पुढं काही शहाणपण निघालं म्हणशील, तर नाही. ते तसेच होते, आणि आम्ही निभावलं.

एकच सांगतो. मिशनच्या मासिक अहवालात सहकाऱ्याविषयी अभिप्राय असा रकाना असतो. रागात असताना तो भरू नकोस. आधी बाईंशी बोल.

थंडी पडायला लागली आहे, कानटोपी घालत जा. हा उपदेश धरू नये.

तुझे,
बाबा


कळंब,
२ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी मी अहवाल टाकला होता. त्यात लिहिलं, की प्रेमाबाई नियोजन पाळत नाहीत, माणसं ओळखत नाहीत, गॅस चालू ठेवतात, त्यांना आता विश्रांती द्यावी. कार्यालयाचं उत्तर लगेच आलं. मुख्य पाळक तेरा तारखेला त्यांच्या निवृत्तीचं बघायला येताहेत. माझं काम झालं, असं मला वाटलं.

आता पुढचं वाचा. शनिवारी स्कूटी दुरुस्तीला होती, म्हणून तेर गावाला एस.टी.नं गेलो. परतताना मी पाण्याची बाटली भरायला गेले, तेवढ्यात प्रेमाबाई एकट्याच धाराशिवच्या गाडीत चढून गेल्या. अडीच तास शोधलं. शेवटी कंडक्टरनं त्यांच्या फोनवरून मला कळवलं. धाराशिवच्या स्टँडवर शांतपणे बाकावर बसल्या होत्या. मी चारचौघांत ओरडले, की पाटीवर एवढं मोठं नाव लिहिलंय, वाचायला काय होतं?

त्या म्हणाल्या, "पाटी दिसंना मला. दीड वरीस झालं, मला काईच नीट दिसत न्हाय."

म्हणजे समोरची बाई कोण हे त्या आवाजावरून ओळखतात, म्हणून तिला आधी बोलतं करतात. मला वाटायचं, माझं वाचन टाळतात. आम्ही दोघी राहतो ते घर मिशनचं आहे. निवृत्ती म्हणजे घर सोडणं, आणि लातूरच्या बहिणीकडं त्यांना जागा नाही. हात धरून म्हणाल्या, कार्यालयात सांगू नको. मी हो म्हणाले. अहवाल जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते.

आधी सांगितलं का नाही म्हणून त्यांचा संताप येतो. माझा तर विचारूच नका. या वेळी उपदेशच पाठवा.

तुमची,
अक्षरा


जालना,
७ डिसेंबर २०२४

चि. अक्षरा हिस,
अनेक आशीर्वाद.

मागितलास म्हणून देतो. बाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात ने, हे पहिलं. दुसरं अवघड आहे. अहवाल तू लिहिलास हे त्यांना पाळकांच्या तोंडून कळता कामा नये. तू सांग, आणि पाळक येण्याआधी सांग.

मीही कानाचं दोन वर्षं लपवलं होतं. तुझ्या आईशिवाय कुणाला माहीत नव्हतं. सभेत लोक हसले की मीही हसायचो. तेव्हा बाईंवर चिडू नकोस असं मी म्हणणार नाही. चीड, पण घेऊन जा.

पत्राची वाट बघतो. मन घट्ट कर.

तुझे,
बाबा


कळंब,
२७ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी सांगितलं. प्रेमाबाई तांदूळ निवडत होत्या. चाचपून चाचपून खडे काढत होत्या. मी सगळं सांगितलं, त्यांच्या हातातलं ताट थांबलं. म्हणाल्या, "लिहिलंस ते खोटं न्हाय. पर धाडायच्या आदी मला वाचून दाखवायचं व्हतं."

मग दोन दिवस अबोला. तेराच्या सकाळी मी स्कूटी पुसत होते, तर चपला घालून, पदर खोचून स्वतःच मागं बसल्या आणि दवाखान्यात चल म्हणाल्या. डाव्या डोळ्याला आता इलाज नाही. उजव्यात मोतीबिंदू पिकलेला, तो निघेल असं डॉक्टरांनी सांगितलं.

संध्याकाळी मुख्य पाळक आले. मी तोंड उघडायच्या आत प्रेमाबाईंनीच सांगून टाकलं, की मला दिसत नाही आणि मी ते लपवलं. मी म्हटलं, माझा अहवाल अर्धवट होता, ऑपरेशन होईपर्यंत काही ठरवू नका. ते दोघींवर चिडले. मला म्हणाले, एका घरात राहून जोडीदाराला दिसत नाही हे तुला दिसलं नाही?

एकोणीसला ऑपरेशन नीट झालं. कार्यालयाचं पत्र काल आलं. प्रेमाबाई आणखी दोन वर्षं कळंबमध्येच, माझ्या जोडीला. दोन वर्षं हे शब्द मी पुन्हा तपासून घेतले.

पट्टी काढली तेव्हा त्या माझ्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढीशीच हायस व्हय? आवाजावरनं मला धिप्पाड वाटली व्हतीस."

आता त्यांना जळमटं दिसतात, करपलेलं पातेलं दिसतं, माझं अक्षर दिसतं. धुळीत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून त्या खुर्चीत बसून बोट दाखवतात आणि मी झाडते.

नाताळच्या करंज्या पाठवल्या आहेत, गोड मानून घ्या. वाकड्या आहेत त्या माझ्या, असं प्रेमाबाईंनी मुद्दाम लिहायला सांगितलंय. लिहून झाल्यावर त्यांनी ते स्वतः वाचूनही बघितलं.

तुमची,
अक्षरा