दोरी तुटल्याची हकीकत

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (हा नुसता लिहिण्यापुरता समजू नये. मी या क्षणी खरोखरच पलंगावर पालथा पडलो आहे आणि उशीवर पाट ठेवून लिहीत आहे. कारण ओघाने येईल, तेव्हा हसू नये ही विनंती.)

आपली प्रकृती कशी आहे? उजव्या हाताचं थरथरणं काही कमी झालं का? मामींचे गुडघे काय म्हणतात? मांजरालाही मी विचारलं म्हणून सांगा. तुम्ही मासे धरायच्या खोट्या माश्या बांधायला त्याच्या शेपटीचे केस कापले तेव्हापासून ते माझ्याकडेही संशयाने बघतं, आणि आता त्याचा संशय खरा ठरल्यासारखा आहे. आमच्याकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून. माश्यांनी काम कसं केलं हे विचारायला तुम्ही दोनदा फोन केलात आणि दोन्ही वेळा तुमच्या सूनबाईने मी अंघोळीला गेलो आहे असं सांगितलं. एवढा स्वच्छ भाचा आपल्या घराण्यात झाला नाही हे तुमच्याही लक्षात आलं असेल. तेव्हा आता लिहितोच.

तुम्ही डबी दिलीत तो दिवस मला नीट आठवतो. खोकल्याच्या गोळ्यांची ती जुनी पत्र्याची डबी, झाकणाला पाडलेलं भोक, त्यातून ओवलेली तुम्ही स्वतः वळलेली तीन पदरी दोरी, आणि आत त्या माश्या. गळाला पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेल्या, पण अशा की डबी उघडल्यावर हात आपोआप हाकलायला उठावा. (लहानपणी मी रिकामा बसलो की तुम्ही 'माश्या मारतोयस का' म्हणून ओरडायचात. स्वतः मात्र आयुष्यभर माश्या करत बसलात. असो.) डबी गळ्यातच पाहिजे, उघडताना वाऱ्याकडे पाठ, झाकण बोटभरच उचलायचं, कारण पिसं दबू नयेत म्हणून माश्या सुट्या ठेवल्या आहेत, आणि ओली माशी काही झालं तरी डबीत परत टाकायची नाही, मामींनी शर्टाच्या खिशावर शिवलेल्या लोकरीच्या तुकड्यावर टोचून आधी वाळवायची. हे सगळं तुम्ही मला पोरासारखं पाठ म्हणायला लावलंत. मग म्हणालात, या संपेपर्यंत वापर, आता हाताला हे होणार नाही. आणि खिडकीबाहेर बघायला लागलात. मीही बघितलं. बाहेर काही नव्हतं.

आता सासऱ्यांकडे येतो. तुम्ही त्यांना लग्नात पाहिलं आहे, पण नावेत पाहिलेलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांना मासेमारीचा नाद लागला आणि त्यांनी प्रथम काय घेतलं असेल तर खिशांचं जाकीट. जाकिटाला खिसे असतात, इथे खिशांना थोडं जाकीट आहे. प्रत्येक खिशात पारदर्शक डबी, डबीत कप्पे, कप्प्यांत विकतच्या माश्या, कप्प्यांवर चिठ्ठ्या. फक्त कोणती डबी कोणत्या खिशात हे लक्षात राहत नाही, त्यामुळे त्या दिवशी आम्ही दोघं मासे धरायला गेलो तेव्हा नावेत पाय ठेवल्यापासून ते पोलिसासारखी स्वतःचीच झडती घेत होते. माणूस मात्र दुकानाच्या जाहिरातीत शोभावा असा. आणि समोर मी. गळ्यात दोरीने लटकणारी खोकल्याची डबी आणि खिशावर मामींच्या जुन्या स्वेटरचा नारिंगी तुकडा. सासऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि 'हं' म्हणाले. मामा, त्या एका 'हं'मध्ये माझं शिक्षण, माझी नोकरी आणि त्यांच्या मुलीचा निर्णय, तिन्हींचा निकाल लागला.

वर त्यांनी विचारलं, हे कुणाचं? आणि मी म्हणालो, एक ओळखीचे म्हातारे आहेत, ऐकत नाहीत, माझ्या गळ्यात मारलंय.

हे वाक्य लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. ज्याने मला पोहायला शिकवलं, सायकलीमागे धावता धावता ज्याची चप्पल तुटली, मी नापास झालो तेव्हा बाबांच्या आधी निकाल वाचून जो दिवसभर माझ्याबरोबर घराबाहेर बसला, तो माणूस ओळखीचा म्हातारा! मला लाज वाटते, मामा. भर उन्हात मी वरून कोटही चढवला, कशासाठी तर तो लोकरीचा तुकडा दिसू नये म्हणून. घामाने आंघोळ झाली. (म्हणजे सूनबाई फोनवर अगदीच खोटं बोलली असं नाही.)

आणि नेमकी तेव्हाच दोरी तुटली. (कशी तुटली याच्या खोलात आपण जाऊ नये. जुनी असेल. पाण्यावर हवाही दमट असते.)

तर दोरी नसलेली डबी मी मांडीवर ठेवली. वाऱ्याकडे पाठ करायची हे मला चांगलं आठवत होतं. पण नाव ती केवढीशी! वाऱ्याकडे पाठ करायची म्हणजे सासऱ्यांकडे पाठ करून बसावं लागत होतं. आता जावयाने सासऱ्यांकडे पाठ फिरवून बसायचं, तेही नुकतंच 'हं' ऐकल्यावर, हे माझ्याच्याने होईना. म्हणून मी त्यांचा मान राखला, वारा अंगावर घेतला, आणि आदबीने त्यांना दाखवण्यासाठी झाकण पूर्ण उघडलं. पुढचं एका श्वासात घडलं. माश्या उठल्या. अर्ध्या पाण्यावर, काही नावेत, एक गिरकी घेऊन उलटी सासऱ्यांच्या टोपीवर. मी त्या धरायला उभा राहिलो, नाव डुलली, डबी मांडीवरून थेट पाण्यात, आणि मी घाबरून खाली बसलो. ज्या फळीवर बसलो तिथे एक माशी माझी वाट पाहत होती. तुमच्या गळाच्या धारेबद्दल मला यापुढे कुणी शंका विचारू नये. पालथं पडून लिहिण्याचं कारण हेच. डॉक्टरांनी काढली, पण काढताना ते हसत होते आणि त्यांचा हात हलत होता.

पण मामा, खरी गोष्ट पुढेच आहे आणि ती तुम्ही पाहायला हवी होती. पाण्यावर पडलेल्या तुमच्या माश्या बुडाल्या नाहीत. पिसं वर करून, पाय टेकून, जणू आत्ताच येऊन बसल्यासारख्या तरंगत राहिल्या. मग एकीखालचं पाणी फुगलं आणि टप्. मग दुसरी. मग चहूकडे नुसतं टप्, टप्. सासऱ्यांच्या कप्पेबंद माश्यांकडे सकाळपासून ज्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं ते मासे धावत येऊन तुमच्या माश्या तोंडात घेत होते, थुंकत होते आणि पुन्हा घेत होते. ना काठी, ना दोरा, नुसतं तुमच्या हाताचं काम. सासऱ्यांनी झडती थांबवली. टोपी काढली. तिच्यावरची माशी तळहातावर घेऊन चष्म्याजवळ नेली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, जावईबापू, ही कुणी बांधली?

देवाने संधी दिली होती. माणसाची जीभ घसरते म्हणतात. माझी घसरली नाही, ती आपल्या पायांनी चालत गेली. मी म्हणालो, मीच. फावल्या वेळात.

एकदा माणूस कलाकार झाला की त्याला कलाकारासारखं वागावं लागतं. सासऱ्यांनी डबी जाळीने काढून दिली. हाताला लागल्या तेवढ्या माश्या मी नावेतलं पाणी उपसायच्या मगाने गोळा केल्या आणि ओल्याच डबीत कोंबल्या. सासऱ्यांनी नम्रपणे विचारलं, आधी वाळवायला नकोत का? (आता ते मला नम्रपणे विचारत होते!) कोट काढला असता तर नारिंगी तुकडा दिसला असता. म्हणून मी गंभीरपणे सांगितलं, आमची पद्धत वेगळी आहे. त्या पद्धतीचा परिणाम परवा डबी उघडल्यावर कळला. गळ गंजले आहेत, पिसं चिकटली आहेत, आणि तुमच्या शेवटच्या माश्या ओल्या कापसाच्या बोळ्यांसारख्या दिसताहेत. धड राहिलेली एकच, ती सासऱ्यांकडे आहे. ती त्यांनी कप्प्यात ठेवून वर चिठ्ठी लावली आहे. चिठ्ठीवर माझं नाव आहे.

'कळावे' असं लिहवत नाही. कळलं नसतं तरच बरं झालं असतं. मामींना नमस्कार, मांजराला दुरून.

आपला भाचा
(सवयीने 'आज्ञाधारक' लिहिणार होतो.)

ता. क. मुद्दा राहिलाच. सासऱ्यांनी ही गोष्ट सगळ्या नात्यात सांगितली आहे आणि येत्या रविवारी ते मी माशी कशी बांधतो हे पाहायला आमच्याकडे येत आहेत. त्यांनी गळ धरायचा नवा चिमटाही घेतला आहे. तरी तुम्ही शनिवारी येऊन हाताला जमेल तशा दोन-चार माश्या बांधून ठेवाव्यात. सासरे यायच्या आत तुम्हाला मागच्या दाराने रिक्षात बसवून देईन.

ता. क. दुसरा. वरचं सूनबाईने वाचलं. 'मामांना मागच्या दाराने काढणार?' एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली. तिने भांडी आपटली असती तर बरं वाटलं असतं. मजकूर खोडत नाही, मी काय मागणार होतो ते तुम्हाला दिसू दे. रविवारी सासऱ्यांना घेऊन मीच तुमच्याकडे येतो. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. तुमच्या दारात, तुमच्यासमोर सांगेन. पळायला लागलो तर धरा. (फार वेगाने पळता येणार नाही.)

ता. क. तिसरा आणि शेवटचा. दोरी तुटली नव्हती. त्या 'हं'नंतर मी बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखं केलं, गळ्यातली गाठ सोडली आणि दोरी खिशात घातली. याच पाकिटात ती पाठवत आहे. ओढून बघा, कुठेही तुटलेली नाही. रविवारी सासऱ्यांसमोर ती माझ्या गळ्यात तुम्हीच बांधा. हात थरथरला तरी चालेल. गाठ बसेपर्यंत मी हलणार नाही.