कपाटाची वरची बाजू

प्रिय धाकट्या,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील, म्हणून आधीच सांगतो, घरात सगळे सुखरूप आहेत. बिघाड माझ्यातच झालाय, तोही कमरेत. दीड महिन्यापूर्वी चपलेचा पट्टा लावायला वाकलो आणि टेबलाच्या अर्ध्यात अडकलेल्या खणासारखा तसाच राहिलो. तुझी वहिनी म्हणाली, जन्मभर कुणापुढे वाकला नाहीत, शेवटी चपलेपुढे वाकलात.

आता आठवड्यातून तीनदा, सकाळी साडेदहाला फिजिओथेरपीला जातो. उपचार करणारी मुलगी पंचविशीची असेल. पहिल्याच दिवशी मी तिला सांगून टाकलं की तुझ्या तपासणीच्या पलंगाचा एक पाय सूतभर आखूड आहे. तिने शांतपणे सांगितलं की काका, तुमचा डावा खांदाही उजव्यापेक्षा खाली आहे, आधी तो बघू. तिचं म्हणणं असं की दोष एकट्या कमरेचा नाही. पोटाच्या आतले स्नायू कधीचे झोपलेत, त्यांच्या वाट्याचं ओझंही कंबर वाहतेय. मला ते लगेच पटलं. आतली आडवी पट्टी ढिली झाली की खुर्चीची पाठ करकरते, एवढं तर सुतारकामात मी कुणी न शिकवता शिकलो होतो. स्वतःच्या पाठीला मात्र ते कधी लावून पाहिलं नाही.

कमरेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघे दुमडलेले, बेंबी आत ओढून दहा अंक. नंतर उलट्या पडलेल्या झुरळासारखे हातपाय वर करायचे आणि एकेक सावकाश खाली आणायचे. घरी करतो तेव्हा वहिनी हे पाहायला मुद्दाम खुर्ची घेऊन बसते. दवाखान्यात शेवटी शेकाची पिशवी ठेवून ती मुलगी पडदा ओढते, आणि त्या वीस मिनिटांत मी कुठे जातो ते मलाच कळत नाही. पडद्यातून येणारा उजेड मधासारखा होतो. छत दूर जातं. रंध्यातून निघणाऱ्या लाकडाच्या कुरळ्या साली हळूहळू वरून पडताहेत असं वाटतं, जमिनीवर मात्र एकही पोचत नाही. आणि कुठूनतरी तुझी शीळ ऐकू येते, वजन उचलताना घालायचास ती, लांब, खाली उतरत जाणारी. मी त्या शिळेवर किती चिडायचो! माल उचलतोयस की कबुतरं उडवतोयस, असं गिऱ्हाइकांदेखत म्हणायचो.

परवा ती मुलगी म्हणाली, तुम्ही उचलताना श्वास कोंडता, म्हणून सगळा ताण कमरेवर जातो. उचलताना श्वास सोडा, हवं तर शीळ घाला. तुला हे कोणी शिकवलं होतं रे?

पहिल्या दिवशीच्या कागदावर एक प्रश्न होता, दुखणं कधी सुरू झालं. मी लिहिलं होतं, पंधरा दिवस, चपलेमुळे. मापात कधी अर्ध्या सुताची लबाडी न करणारा मी, आणि तिथे हे लिहून मोकळा झालो. पण ती मुलगी दर वेळी कमरेच्या त्या एकाच जागी अंगठा ठेवून म्हणते, ही गाठ जुनी आहे काका.

आरशाचं कपाट तुला आठवतच असेल. अरुंद जिना, तिसऱ्या मजल्यावरून खाली. खालची बाजू तुझ्याकडे, वरची माझ्याकडे. वळणावर आरसा फुटला, तुझी दोन बोटं चेचली, आणि गिऱ्हाईक बाई धावत आल्या तेव्हा मी म्हणालो, “ह्याचं लक्ष शिळेत.” तू बोटांना फडकं गुंडाळलंस. संध्याकाळी हत्यारं पुसून, ओळीत लावून कायमचा निघून गेलास. तेव्हापासून सगळे तेच सांगत आले, धाकट्याच्या हातून कपाट सुटलं. मीही सांगत आलो, इतकं की कधीकधी मला ते खरंच वाटायचं.

काल मी तो कागद परत मागून घेतला. चप्पल खोडली आणि लिहिलं: अकरा वर्षं, जिन्यात कपाट उतरवताना कमरेत कळ आली, हात सुटला. माझा. तिने वाचलं आणि विचारलं, “खालच्या बाजूला कोण होतं?” धाकटा भाऊ, मी म्हणालो. “त्यांना माहीत आहे?”

तुला माहीत होतं, हे मला माहीत आहे. वजन कुठून आलं ते खालच्या माणसाला कळतंच. पण मी कबूल केलं नव्हतं, म्हणून हे पत्र. वहिनीला अजून बोललेलो नाही; आधी तुला, मग तिला, मग उरलेल्या सगळ्यांना एकेक करून सांगेन. तुझी बोटं नीट मिटतात का, तेवढं कळव. आणि एक, ती शीळ मला जमत नाही. ओठ गोल करतो, नुसती हवा निघते. जन्मात कुणाकडे काही शिकायला गेलो नाही, तुला माहीतच आहे. तू शिकवशील?

तुझाच, वरच्या बाजूचा,
दादा