तू पांढरा मागितलास

शिवाजी पेठ, कोल्हापूर
सोमवार, ता. २० जानेवारी २०२५

क्रांतीस,

थोरल्या जावेनं धाकटीला अनेक आशीर्वाद लिहायचे असतात. ते मी लिहीत नाही, का ते पुढे कळेल. इकडे सर्वजण खुशाल आहेत. तुझ्या हाताची मूठ वळायला लागली का, ते कळवावे.

शाळेतल्यासारखं लिहायला बसले, पण जमत न्हाय गं. बोलते तशीच लिहिते.

आज सोमवार, खानावळ बंद. आत्याबाई उन्हात गुडघ्याला तेल चोळत बसल्यात. तुझी मांजर मिरचीच्या पोत्यामागं व्यायली, तीन पिल्लं हायत, शिंकून शिंकून बेजार. माझा खालचा एक दात पडलाय, त्याचं नंतर सांगते. तू माझा फोन उचलत न्हाईस, त्यात तुझं काय चुकलं न्हाय. म्हणून रजिस्टर पोस्टानं धाडते. घरात कुणाच्या हातात द्यायचं न्हवतं.

पहिली महत्त्वाची गोष्ट. राजवीरभावजी येत्या गुरुवारी चार पावणं घेऊन मुरगूडला येणार हायत, तुला न्यायला. घरात रोज एकच टकळी चालती, "पातेलं निसटलं, अपघात झाला, म्हणून काय तीन महिने म्हायेरात बसायचं? नखरे हायत." ह्या खेपेला आली न्हाईस तर कायमची तिथंच ऱ्हा, असं चार माणसांत सांगणार हायत. तुझे वडील साधे. पावण्यांपुढं मान खाली घालतील आणि तुला गाडीत बसवतील. गुरुवारच्या आत हा कागद तुझ्यापाशी पोचला पायजे.

आता त्या दिवसाचं. दसऱ्याचा दुसरा दिवस, रविवार. नऊ दिवस मटण सोडलेलं कोल्हापूर उट्टं काढायला दारात उभं हुतं. तू बाहेर वाढत हुतीस, मी आत चुलीपाशी. मग पातेलं निसटलं. डॉक्टरांना तू तेच सांगितलंस, पोलिसालाबी तेच. मी खाटेशेजारी उभी राहून मान हलवत हुते.

मला बोलता येत न्हाय, हे तुला ठावंच हाय. पण का येत न्हाय ते कधी सांगितलं न्हाय. हुपरीत आम्ही सहा भावंडं. बा पैंजणाचं काम करायचा. रविवारी अर्धा किलो मटण आणि खाणारी तोंडं आठ. जेवताना जो बोलला त्याच्या ताटातली फोड गेली समजायची. एकदा मी काहीतरी शाळेतलं सांगायला तोंड उघडलं आणि बाळासोनं, माझ्या थोरल्या भावानं, हात घातला. मी उलथनं उचललं आणि त्याच्या हातावर हाणलं. रक्ताची चिळकांडी भाकरीवर उडाली. चार टाके पडले. बानं मला फुंकणीनं फोडून काढलं. हाणलं म्हणून न्हवं, बाळासोच्या हाताचं काम आठ दिवस बुडालं म्हणून. ती भाकरी आईनं रक्ताचा तुकडा काढून टाकून परत वाढली. आणि मी ती खाल्ली.

तवापासनं डोक्यात एकच बसलं. जगात जे काय हाय ते मोजून हाय. दुसऱ्याच्या ताटात गेलं म्हंजे आपल्या ताटातनं गेलं. मटणाचं तसं, मायेचं तसं, बोलण्याचंबी तसं.

मग सहा वर्षांमागं तू आलीस. पहिल्या आठवड्यात पन्नास गिऱ्हाइकांची नावं पाठ. "पावणं, कुठल्या गावचं? मग आमच्या मुरगुडाजवळचंच की." आत्याबाई सुनांना कधी चांगलं म्हणत न्हाईत, त्या म्हणाल्या, "हिच्या जिभेवर साखर हाय." मी आत कांदा चिरत हुते. वाटलं, साखर माझ्या डब्यातली गेली. तू बाहेर हसलीस की वाटायचं, माझ्या वाटणीचं हसली. आणि तू मला अक्का, अक्का करत आत यायचीस, तवा मला तुझा जास्तच राग यायचा. पांढऱ्याचं वाटण तू दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी खोटं सांगितलं. खसखस भाजून घे म्हणाले. भाजायची नसती. भाजली की रस्सा मळकट होतो.

तू गेल्यावर बाहेर वाढायला कोण? मीच. दुसऱ्याच दिवशी कृष्णात गॅरेजवाल्याला हाणलं. तो म्हणाला, "वैनी, जरा हसून वाढा की, आम्ही काय सुतकाला आलोय व्हय?" हातात गरम ओगराळं हुतं, तेच त्याच्या मनगटावर घातलं. फोड आला. तो ताटावरनं उठला, त्याचे दोस्त उठले, बाकडं आडवं झालं. ह्यांनी पाय धरून त्याला बसवलं. पुढच्या आठवड्यात एकानं रस्सा "नको" म्हटलं तर मी त्याच्या ताटातच बादली टेकवली. माझ्याकडनं नको म्हंजे काय, तुझ्याकडनं घेतला असता की. डोस्कं असंच चालायचं.

एका दुपारी आत्याबाई आत आल्या आणि माझ्या हातातली बादली हिसकून घेतली. म्हणाल्या, "तुझ्या बादलीचा तळ दिसतोय. तळ दिसणाऱ्या बादलीनं पंगतीत जायचं न्हाय. निम्मी झाली की माघारी ये, भरून घे. तळ दिसला की हात आखडतो, आणि हात आखडला की तोंड आखडतं." मी म्हणाले, "माझं तोंड जल्मापासनं आखडलंय." त्या म्हणाल्या, "जल्मापासनं तू तळच बघत आलीस."

मला राग आला. त्यांच्या पाठीत लाटणं घालावं वाटलं, खरं सांगते. पण रस्सा संपवायची ताकद आपल्या गिऱ्हाइकात न्हाय, हे मला माझ्या पातेल्यावरनं ठावं हुतं. तांबडा-पांढरा आपण कधी मोजलाय? ताट विकतो, रस्सा मागंल तेवढा. मोजल्याशिवाय वाढायची गोष्ट माझ्याच चुलीवर अठरा वर्षं शिजत हुती आणि मी तिच्यापाशी उपाशी बसलेली.

दुसऱ्या दिवसापासनं बादली गळ्यापतोर भरून न्यायला लागले. जड जाती, दंड दुखतो. पण "वाढू?" विचारलं आणि समोरचा "नको" म्हणाला, तर छातीत कळ येईना. नको तर नको. पुढचं ताट हाय, त्याच्या पुढचं हाय. एकजण म्हणाला, आज मीठ जास्ती पडलंय. मी म्हणाले, "व्हय, पडलंय, पांढरा ओता थोडा, मुरंल." तो हसला. क्रांती, माझ्या बोलण्यावर माणूस हसला. मी आत जाऊन मोरीत तोंड धुतलं. मग कळलं की बोलणंबी रश्श्यासारखंच हाय, एकाला वाढलं म्हणून दुसऱ्याला कमी पडत न्हाय. कृष्णात महिन्यानं परत आला. मी विचारलं, "मनगट कसं हाय?" त्यानं बाही वर करून डाग दाखवला. म्हणाला, "क्लच दाबताना तुमची आठवण येती." मी माफी मागितली, पैल्यांदा कुणाची तरी. म्हंजे मी काय देवमाणूस झाले न्हाय. परवाच दूधवाल्याच्या अंगावर वजन उगारलं हुतं. पण ते खाली ठेवलं.

आता दाताचं.

काल रविवार. दुपारचा एक, चाळीसभर माणसं ताटावर. कृष्णातनं विचारलं, "क्रांतीवैनी कवा येणार?" माझ्याआधी गल्ल्यावरनं भावजीच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माज आलाय तिला. भांडं निसटलं तर त्याचं भांडवल करून बसलीय. गुरुवारी आणतो की केसाला धरून." चार माणसं हसली. तू इथं असतीस आणि दुसऱ्या कुणाबद्दल असं बोलणं झालं असतं, तर तू एका वाक्यात त्यांचं तोंड बंद केलं असतंस. मी तिथं तांबड्याची भरलेली बादली घेऊन उभी हुते.

मी म्हणाले, "भावजी, ती पांढरा मागायला आत आलती."

"मग?"

"तिचा हात तांबड्यानं भाजला. पांढरा माझ्या हातापाशी हुता. तांबडा मागच्या चुलीवर."

पांढरा मागणाऱ्या बाईच्या अंगावर तांबडा कसा सांडला, हे तीन महिन्यांत घरात एकानंबी विचारलं न्हवतं. मी म्हणाले, "निसटलं न्हाय. मी मागं वळले, तांबड्याचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्यावर टाकलं. तेलाचा कट वर तरंगत हुता, तो जास्त भाजतो, हे मला ठावं हुतं."

भावजींनी गल्ल्यावरनं उतरून उलट्या हातानं तोंडात मारली. अंगठी दातावर बसली. दुसरी मारली ती कानावर. तोंडात रक्त आलं आणि माझ्या हातातली बादली आपसूक वर उचलली गेली. आठ लिटर, वाफाळणारा. त्यांचं तोंड माझ्यापासनं हातभर. बादली कुठनं धरली म्हंजे सगळा रस्सा एका दमात जातो, ते ह्या हातांना पाठ हाय.

मी ती खाली फरशीवर ठेवली. थुंकले, दात पडला. मग ओगराळं घेतलं आणि कृष्णातला विचारलं, "वाढू?" माझ्या हनुवटीवरनं रक्त गळत हुतं. तो म्हणाला, "वाढा वैनी." दोन्ही हातांनी ताट पुढं केलं त्यानं.

रात्री घरात बैठक झाली. हे म्हणाले, "तू असं काय बोललीच न्हाईस. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय असं सांगू. झाकली मूठ ऱ्हाऊ दे." आत्याबाई एवढंच बोलल्या, "फरशी मी पुसली हुती, तांबडा पार दारापतोर उडालता. मला तवाच कळलं हुतं." बाकी काय न्हाय. गुरुवारचं ठरलंय तसं ठरलेलं हाय. पावण्यांना सांगणार, अपघात झालता, थोरली येडी झालीय.

म्हणून कागद. पण लिहायला बसले तर एक राहिलंय, ते पंगतीत सांगितलं न्हाय.

त्या दिवशी कृष्णात म्हणाला हुता, "क्रांतीवैनी हाय म्हणून इथं येतो, न्हायतर रस्सा काय, कुठंबी मिळतो." खिडकीतनं मी ऐकलं. तू हसलीस, तेबी ऐकलं. तुला वाटत असंल, अक्कानं एवढंच ऐकलं आणि डोस्कं फिरलं. म्हणून तू मला वाचवलंस.

न्हाय. पुढचंबी ऐकलं. तू म्हणालीस, "हात माझा दिसतोय पावणं, चव अक्काची हाय. तिला आत जाऊन सांगा की एकदा." स्पष्ट ऐकलं. आणि ते ऐकल्यावर मी मागं वळले. तुझ्यापाशी एवढं हुतं की तू त्यातनं मलाबी वाढायला निघालीस, हे मला सोसलं न्हाय. तू आत आलीस, म्हणालीस, "अक्का, पांढरा दे." तुझ्या चेहऱ्यावर हसू तसंच हुतं. नंतरचा तुझा आवाज मला रोज ऐकू येतो, मिक्सर चालू असला तरी.

तू यावंस म्हणून लिहीत न्हाय. येऊ नकोस. यायचंच झालं तर तुझ्या पायानं ये, कुणाच्या गाडीतनं नको. मुरगुडात खानावळ काढायची असंल तर काढ. खसखस कच्ची भिजत घाल, भाजू नको, आणि खोबऱ्याचं दूध उतरवायच्या आधी दोन मिनिटं घाल. माझा पांढरा त्यानं कमी पडत न्हाय. आता मला चार माणसांशी बोलता येतं, आणि त्यातलं पैलं बोलणं तुझ्याशी करायचं हुतं, ती तू मुरगुडात. लई आठवण येती गं तुझी. ती यायचा मला अधिकार न्हाय, तरी येती.

गुरुवारी पावणं बसले की हा कागद वडलांच्या हातात दे. मोठ्यानं वाचायला सांग. ठाण्यात न्यायचा असंल तर ने, मी ह्यातला एक शब्द फिरवणार न्हाय. उपयोगी पडावा म्हणून खाली अक्का लिहीत न्हाय, पुरतं नाव लिहिते.

भांडं निसटलं नाही. तिनं पांढरा मागितला, मी तांबडा टाकला. शुद्धीत, दोन्ही हातांनी, सगळं ऐकून.

सौ. संयोगिता उदयसिंह साळोखे